तिकडच्या सुनांची लाईन

४ नोव्हेंबर, मंगळवार

कामाची नोंद लॅपटॉपवर ठेवायची असते, ती पुण्याला संस्थेच्या सरांकडे जाते. ही वही माझी. कामाचं नसलेलं इथे लिहीन असं ठरवलंय, पण लिहायला बसले की कामच आठवतं.

आज मिरजगावला पहिली फेरी झाली. नगरहून एसटीनं गेले. गावची आशा सेविका राजनंदिनी स्कूटी घेऊन स्टँडवर उभी होती. तिच्याकडच्या वस्त्यांवर ओडिशा, बंगाल, तेलंगणातून लग्न करून आणलेल्या सुना आहेत. इकडे शेती करणाऱ्या मुलांना मुली मिळत नाहीत, मग कुणाच्या तरी ओळखीनं इतक्या लांबून आणतात. गावात त्यांना ‘तिकडच्या’ म्हणतात. या बायकांची एकमेकींशी ओळख व्हावी, बोलणं व्हावं, यासाठी संस्थेला मोबाईलवर काहीतरी हवंय. ते ‘काहीतरी’ मी बनवतेय, एक ॲप, जवळजवळ तयार आहे.

घरं एकमेकांपासून लांब. मधे लिंबाच्या बागा, ज्वारीची रानं. एका घरातून दुसऱ्याचं छप्परही दिसत नाही. भेटलेल्यांपैकी तिघींचं नाव पूजा. मी म्हटलं, काय योगायोग! राजनंदिनी हसली.

“मॅडम, योगायोग कसला? लग्नात नाव बदलत्यात. त्यांची नावं जिभंला वळत न्हाईत, मग पूजा.”

तिसरी पूजा भागूबाईंची सून. प्रश्न मी तिला विचारत होते, उत्तरं भागूबाई देत होत्या. “तिला काय कमी हाय? खाती, पिती, लेकरू हाय.” सून चौकटीला टेकून मुलीचे, सृष्टीचे, केस विंचरत होती. निघताना मी विचारलं, “माहेरी काय म्हणायचे तुला?”

तिनं आधी सासूकडे पाहिलं. मग म्हणाली, “मिनती.”

“व्हय?” भागूबाई म्हणाल्या. “मला न्हाई म्हाईत.”

लग्नाला चार वर्षं झाली आहेत.

घरी आले तेव्हा अम्मींनी विचारलं, जीशानचा फोन आला होता का. म्हटलं, शुक्रवारी येईल. अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई, गौहर. जीशान नोकरीसाठी दोह्याला गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच. त्यांच्या खोलीत त्यांचा टीव्ही, माझ्या खोलीत माझा लॅपटॉप. भांडण कधीच नाही. राजनंदिनीला हे सांगितलं तर म्हणाली, नशीबवान आहात.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ॲप कुणालाही नको आहे.

इतके महिने खपून बनवलेलं. चित्रं, चार भाषा, फुलाफुलांची पाटी. आज सगळ्या घरांत दाखवलं. एकीनं चित्रांवर बोट फिरवलं आणि मोबाईल परत माझ्या हातात दिला, एखाद्याचं बाळ घेऊन परत द्यावं तसा. मोठा मोबाईल घरात नवऱ्याचा. तो दिवसभर त्याच्याबरोबर रानात. बाईकडे असलाच तर बटणाचा जुना, तोही बॅलन्स नसलेला. मिनतीकडे तसलाच आहे.

तिला विचारलं, “कुणाला फोन करतेस?”

“आई. आई तिकडून लावते. मी मिस कॉल देते.” तिचं मराठी खेड्यातलं आहे, त्यात मधेच तिच्या भाषेची वळणं येतात.

“आणि इथे? इथे कुणाशी बोलतेस?”

तिला प्रश्न कळला नाही असं मला आधी वाटलं. परत विचारला. ती म्हणाली, “शेळीबरोबर,” आणि तोंडावर पदर घेऊन हसली. मीही हसले. एसटीत बसल्यावर मात्र हसू आलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मिस कॉल!

इतकं सोपं होतं. बाईनं एका नंबरला मिस कॉल द्यायचा. आपली यंत्रणा तिला उलट फोन करेल. त्यावर आधी इतर बायकांचे निरोप ऐकू येतील, मग टिंग वाजलं की तिनं आपलं बोलायचं. बॅलन्स लागत नाही, लिहिता-वाचता यावं लागत नाही. नाव खरं सांगायचं की सासरचं, तिची मर्जी. सरांना पसंत पडलं. त्यांची अट अशी की प्रत्येक निरोप आधी मी ऐकायचा. पुरुषाचा आवाज, शिवीगाळ, घरात भांडण लागेल असं काही, ते पुढे सोडायचं नाही.

आज दुपारभर माझ्याच आवाजात सुरुवातीचे शब्द भरत होते. “बहिणी, ही तुझी लाईन आहे. इथे मोकळेपणी बोल.” पंख्याचा आवाज येतो म्हणून परत. रिक्षाचा हॉर्न, परत. शेवटी ऐकलं तर आवाज कसा तरीच लागलेला. घसा बसल्यासारखा. दिवसभर बोलायची सवय राहिली नाही, म्हणून असेल.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

लाईन सुरू होऊन आठवडा झाला. निरोप येताहेत, पण कुणी बोलत नाही. टिंग वाजतं आणि मग नुसते आवाज. कुठे बोअरची मोटर, कुठे कोंबड्या. एकीचा फक्त श्वास. ठेवण्याआधी ती “अं” म्हणाली. तो “अं” मी परत परत ऐकला, की पुढे काही आहे का.

जीशानचा फोन आला. थोडक्यात आटोपला, शिफ्ट बदलली आहे त्याची. लाईनबद्दल सांगायला लागले तर म्हणाला, “तू छान करतेस ते.” अजून मी काय केलं ते सांगितलंच नव्हतं. पण कौतुक करतो, हे खरं.

६ डिसेंबर, शनिवार

चूक कळली. मी भाषेप्रमाणे बटणं दिली होती. एक दाबा, ओडिया. दोन, बंगाली. तीन, तेलुगू. आपली भाषा ऐकून बरं वाटेल असा हिशोब. पण ओडियात मिनती एकटीच! ती रोज एक दाबत होती आणि रिकामी लाईन ऐकत होती.

आज सगळी बटणं काढून टाकली. सगळ्या एका ठिकाणी. आता कुठल्या भाषेत बोलायचं? त्यांनी आपणच ठरवलं. मराठीत. दुसरी समाईक भाषा त्यांच्याकडे नाहीच.

संध्याकाळी मिनतीचा पहिला निरोप. जसाच्या तसा लिहिते.

“मी मिनती. पूजा बोलतात मला. आज मी भात पाणीत भिजवला. उद्या खायला. सासू बोलते शिळं हाय, कुत्र्याला टाक. शिळं न्हाई, पखाळ हाय. कुणाला म्हाईत हाय का पखाळ?”

ऐकता ऐकता चहा निवून गेला. दारात अम्मी उभ्या होत्या. मी कानातला इअरफोन काढून विचारलं, काही हवंय का? “कुछ नहीं,” म्हणाल्या आणि गेल्या.

१५ डिसेंबर, सोमवार

लाईन वाहायला लागली आहे!

मिनतीच्या भाताला आधी शेफालीचं उत्तर आलं. ती बंगालची, सासरचं नाव सुकन्या. आवाज मोठा, ठसकेबाज. “अगं, हे तर आमचं पान्ता! मी चोरून खाते. कांदा, मिरची, मीठ. तू तेल टाकते का?” मग तेलंगणाच्या एका बाईनं सांगितलं, आमच्यात चद्दन्नम, आम्ही ताक घालतो. मिनतीनं ताकाचं करून पाहिलं. नाही आवडलं. तेही सांगितलं. मग सगळ्या सासवांच्या भाकरीवर घसरल्या. ज्वारीची भाकरी थापायला कोण कशी शिकली, कुणाची तव्यावर टाकताना मोडते. एकीनं भाकरी थापतानाचा आवाजच ऐकवला. “ऐका, आली आता मला!”

मी हसत होते. खोलीत एकटीच बसून मोठ्यानं.

सरांना आलेख पाठवला. खूश आहेत. रोज संध्याकाळी निरोप ऐकणं हे माझं काम आहे, पण खरं सांगायचं तर दुपारपासून मी त्याची वाट बघत असते. मिनतीचा निरोप शेवटी ठेवते.

२६ डिसेंबर, शुक्रवार

जीशानचा व्हिडिओ कॉल आला, बऱ्याच दिवसांनी. तो नेहमी नेट स्लो आहे म्हणून नुसता आवाजी फोन करतो. आज चुकून लागला असावा, लगेच बंद करायला लागला तर मी म्हटलं, थांब, अम्मींना दिसू दे. अम्मी आल्या. त्याचं वजन थोडं वाढलंय, चेहरा छान दिसतो. मागे खिडकीला पडदा, त्यावर पिवळी बदकं. मी चेष्टा केली, काय रे, बदकं? म्हणाला, आधीच्या भाडेकरूंचा आहे. कुठेतरी लहान मूल खोकलं, त्यानं फोन ठेवला. शेजाऱ्यांच्या भिंती पातळ असतात तिकडे.

अम्मी जेवल्या नाहीत. पित्त झालं म्हणाल्या. पोरगा डोळ्यांसमोर दिसला की असं होतच असेल आईला.

५ जानेवारी, सोमवार

मिनतीचा निरोप.

“माझी आई आजारी हाय. भाऊ बोलला, ये. मी चार वर्ष गेली न्हाई. इथं विचारलं, ते बोलले पुढं बघू. इथून माझ्या गावाला कसं जायाचं? कोणती गाडी? कुणाला म्हाईत असेल तर सांगा. मी एकटी जाऊ शकते काय?”

नियमात बसत नाही. घरात भांडण लागेल असं काही पुढे सोडायचं नाही. सरांना विचारलं तर ते अडवायलाच सांगतील. म्हणून विचारलं नाही. पण सोडलाही नाही.

७ जानेवारी, बुधवार

सकाळपर्यंत सोडला नव्हता. ती रोज मिस कॉल देते, उत्तर आलंय का ऐकते, आणि काही न बोलता ठेवते. पाठीमागे सृष्टीचं रडणं ऐकू येतं.

मी स्वतःला विचारलं, कशाला अडवतेस? भागूबाईंची भीती? संस्थेची? दोन्ही आहेत. पण आणखीही एक आहे. मिनती गेली तर संध्याकाळी मी कुणाचं ऐकू? हे कळून मलाच लाज वाटली. दुपारीच निरोप सोडला.

तासाभरात शेफालीचं उत्तर. “दौंडवरनं भुवनेश्वरची गाडी हाय. पुढं दुसरी. मी गेल्यावर्षी गेल्ते कोलकात्याच्या गाडीनं, लेकराला घेऊन. घाबरू नको. बायकांच्या डब्यात बस.”

११ जानेवारी, रविवार

आज लाईनवर पुरुषाचा आवाज आला.

“हॅलो. मी ज्ञानेश्वर बोलतोय. पूजाचा मालक.” मग घसा खाकरला. “माझ्या मोबाईलवरनं तिनं तुमाला मिस कॉल दिलता, म्हनून कळलं. मी ऐकलं समदं. आवो, मी न्हाई म्हनलेलो न्हाई. पन ती गेली अन् आलीच न्हाई तर? पलीकडच्या वस्तीवरची गेली ती गेलीच. मी परत कुठं जाऊ?” ठेवताना ‘बरंय’ म्हणाला, सवयीनं.

नियमाप्रमाणे पुसायला हवा. मी पुसला नाही, पुढेही सोडला नाही. राजनंदिनीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “मिनतीचा फोन भागूबाईंनी काढून घेतलाय. मला म्हनल्या, तुमच्या त्या लाईनीनं आमची सून बिघडली.”

आज संध्याकाळी मिनतीचा निरोप नाही. बाकीच्यांचे ऐकण्यात मन लागेना.

१३ जानेवारी, मंगळवार

मिनतीचा फोन काढून घेतलाय हे राजनंदिनीनं घरोघर सांगितलं असावं. आज शेफालीचा निरोप आला, भलताच जोरात.

“ऐका गं. संक्रांत हाय. हळदीकुंकवाला कुणी कुणाच्या दारात जाऊ शकतं. आपन सगळ्या भागूबाईकडं जाऊ. सवाष्ण दारात आली तर तिला हाकलतात काय?”

ऐकल्या ऐकल्या सोडला. सरांना कळवलं नाही.

१९ जानेवारी, सोमवार

हे नीट लिहून ठेवायचं आहे.

राजनंदिनीनं मला बोलावलं. दुपारी आम्ही भागूबाईंच्या अंगणात पोचलो तर बांधावरून एकेक बाई येत होती. ठेवणीतल्या साड्या, हातात वाणाचं ताट, कुणाच्या कडेवर मूल. कुणी चालत, एकीला तिच्या नवऱ्यानं मोटरसायकलवर आणून फाट्यावर सोडलेलं. सगळ्या अंगणात येऊन थांबल्या आणि गप्प झाल्या. एकमेकींना ओळखतच नव्हत्या! महिनाभर रोज बोललेल्या, पण चेहरा कुणी कुणाचा पाहिलेला नाही.

भागूबाई दारात आल्या. “कोन गं तुमी?”

एक ठेंगणी, गव्हाळ बाई पुढे झाली. “हळदीकुंकवाला आलोय, मावशी.”

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मिनती पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. “शेफाली! तू शेफाली!”

“कशी ओळखली?”

“आवाज!”

मग एकच गलका झाला. जी तोंड उघडेल तिला बाकीच्या ओळखायच्या. तू भाकरीवाली! तू ताकवाली! एक उंच बाई नुसतीच कडेला उभी होती. तिला कुणी ओळखेना. ती हळूच “अं” म्हणाली. मी ओळखलं. पण सांगितलं नाही.

माझा आवाजही कुणी ओळखला नाही. मी बोललेच नव्हते. नंतर राजनंदिनीनं ओळख करून दिली तेव्हा सगळ्या म्हणाल्या, हां, त्या सुरुवातीच्या ताई.

भागूबाईंना आता हाकलता येईना. त्यांनी हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला. माझ्यापाशी येऊन थबकल्या, मग हातावर तिळगूळ ठेवला. “तुमचे मालक?”

“दोह्याला असतात. परदेशात.”

“येत्यात का?”

“येतील.”

“हं,” म्हणून पुढे गेल्या.

ज्ञानेश्वर गोठ्यापाशी उभा होता, वैरणीची पेंढी हातात. टाकायची विसरलेला. शेफाली सरळ त्याच्याकडे गेली. “दाजी, मीबी गेल्ते. महिना राहिले. आले की परत. माझं घर हितं हाय, माझी पोरं हितं हायेत. हिला आईला भेटू द्या.”

भागूबाई ओट्यावरून म्हणाल्या, “जाऊ दे की मग. पोरगी ठिवून जा.”

मिनतीनं सृष्टीला उचललं. ती मोठ्यानं बोलली नाही, पण सगळ्यांना ऐकू आलं. “आईला नात दाखवायची हाय. तिला ठेवून काय दाखवू?”

भागूबाई हातातल्या करंड्याकडे बघत राहिल्या. त्यांचीही आई असेल कधीतरी कुठे. शेवटी ज्ञानेश्वरच म्हणाला, “आये, मी जातो संगं. दोघींना घिऊन. ज्वारी काढायच्या आत येतो.”

परतीच्या एसटीत मला खूप आनंद झाला होता. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. जीशानला लावला, उचलला नाही. अम्मींना सांगायचं ठरवलं, पण पोचले तेव्हा त्या नमाजला बसल्या होत्या. नंतर राहून गेलं.

२७ जानेवारी, मंगळवार

गेले तिघं. राजनंदिनीनं फोटो पाठवला, दौंड स्टेशनवरचा. सृष्टी बाकावर, मिनती उभी, ज्ञानेश्वरच्या दोन्ही हातांत पिशव्या.

जीशाननं मेसेज केला, करार दोन वर्षं वाढवलाय. ईदला जमणार नाही. विचारून वाढवला असता तर बरं झालं असतं, पण कंपनी लगेच उत्तर मागते. अम्मींना सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. हल्ली त्याचा फोन आला की त्या बाथरूमला जातात. माझ्यावर कशावरून तरी रागावल्या आहेत. दिवसभर मी कानात लावून बसते, त्याचा राग असेल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

लाईन मरायला लागली आहे.

निरोप निम्म्यावर आले, मग त्याच्याही निम्म्यावर. सर विचारतात, काय बिघडलं? मी सगळं तपासलं. यंत्रणा ठीक आहे. राजनंदिनीला विचारलं तर म्हणाली, “आवो, त्यांनी त्या दिवशी नंबर घेतले की एकमेकींचे. आता बाजाराच्या दिवशी भेटत्यात. शाळेच्या भिंतीपाशी कडुलिंबाच्या झाडाखाली बसत्यात. शेफाली तर दुसरीच्या घरी मुक्कामालाबी जाऊन आली.”

मी सरांना लिहिलं, ‘वापर टिकवण्यात अपयश.’ दुसरं काय लिहिणार?

आज लाईनवर एकही निरोप नव्हता. तरी मी कानात लावून थोडा वेळ बसले.

२ मार्च, सोमवार

रमजान सुरू आहे. रोजे आम्ही दोघी धरतो. इफ्तारला समोरासमोर बसतो, खजूर, भजी, सरबत. अजान झाली की खातो. एवढंच.

दुपारी ज्ञानेश्वरचा फोन आला. तो एकटाच परतलाय, ज्वारी काढायला. मिनतीची आई वारली. तेराव्यासाठी मिनती आणि सृष्टी मागे राहिल्या, ते दिवसही होऊन गेले.

“मॅडम, लाईनीवर तिचा काय आवाज आला का?”

“नाही.”

“तिच्या भावाला लावला तर म्हनतो, येईल. कवा, ते न्हाई सांगत.” मग म्हणाला, “आई इचारती, पोरगी माझं नाव काढती का. मी कुठनं सांगू?”

मी म्हटलं, येईल ती. म्हणताना मला माझाच आवाज खोटा वाटला. कुणाला सांगत होते, कुणास ठाऊक.

२१ मार्च, शनिवार

ईद. शीरखुर्मा केला, निम्मा उरला. माझा भाऊ फरदीन येतो म्हणाला होता, भिवंडीहून सुट्टी मिळाली नाही. जीशानचा मेसेज आला, ‘ईद मुबारक’, खाली फुलाचं चित्र. तेच चित्र गल्लीतल्या सगळ्यांना आलंय.

राजनंदिनीचा फोन. मिनती परत आली! भागूबाई फाट्यापर्यंत चालत गेल्या होत्या आणायला. सृष्टीला उचलून घेतलं आणि म्हणाल्या, “मिनती, लई वाळलीस गं.” राजनंदिनी सांगताना रडत होती. “मिनती म्हनल्या, ताई. पूजा न्हाई.”

मी सांगायला अम्मींच्या खोलीत गेले. त्या ईदच्या नव्या कपड्यांतच भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. झोपल्या असतील म्हणून परत आले.

२५ मार्च, बुधवार

संस्थेचं पत्र आलं. महिनाअखेर लाईन बंद. मी ते वाचत बसले होते तेव्हा अम्मी आल्या. या वेळी दारातून परत गेल्या नाहीत. पलंगावर बसल्या आणि माझ्या कानातला इअरफोन आपल्या हातांनी काढला.

“बेटा, उसने उधर घर कर लिया।”

मला आधी वाटलं, घर घेतलं म्हणतात. भाड्याचं सोडून स्वतःचं.

“निकाह केलाय त्यानं. मूल आहे,” अम्मी म्हणाल्या. “तो बदकांचा पडदा पाहिला ना, दुसऱ्याच दिवशी मी शेजारच्या इन्शाच्या फोनवरून त्याला विचारलं. रडला. म्हणाला, फरहीनला सांगू नको, मी सांगेन. मी वाट बघितली. ईदपर्यंत सांगेल वाटलं.”

“तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?”

“यायचे मी. दारापर्यंत यायचे. तू त्या बायकांचं ऐकत असायचीस.” त्यांनी माझा हात घेतला नाही, स्वतःचेच हात चोळत राहिल्या. “माझा मुलगा आहे तो. तुला सांगितलं असतं तर तू गेली असतीस. मग या घरात मी कुणाबरोबर?”

मी शीरखुर्म्याचं रिकामं पातेलं घासायला घेतलं. ते घासलेलंच होतं.

४ एप्रिल, शनिवार

दहा दिवस काही लिहिलं नाही. जीशानचे फोन आले, घेतले नाहीत. लाईन बंद झाली. फरदीन म्हणतो भिवंडीला ये, वकील बघू. बघावा लागेलच. अजून ठरवलं नाही.

काल बाजाराचा दिवस होता. मिरजगावला जायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी निघाले. चपला घालत होते तर अम्मी बुरखा घालून बाहेर आल्या. “मैं भी आती.” लग्नानंतरच्या सात वर्षांत आम्ही दोघी मिळून कुठे गेलो नव्हतो, दवाखाना सोडून.

शाळेच्या भिंतीपाशी झाडाखाली त्या बसल्या होत्या. पिशव्या, कोथिंबीर, पोरं. शेफालीनं सरकून जागा केली. अम्मींनी पिशवीतून शीरखुर्म्याचा डबा काढला. घरून निघताना कधी भरला, मला माहीत नव्हतं. त्या उंच बाईनं अम्मींना विचारलं, हे कसं करायचं, आणि अम्मी सांगायला लागल्या. घरची बोली, मराठी, सगळं मिसळून. त्या इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी सवयीनं दुसऱ्यांचं ऐकत होते. कानात काही नव्हतं, एवढाच फरक.

मिनती वाळली आहे. आईबद्दल बोलली. आईला सृष्टीची भाषा येत नव्हती, सृष्टीला आईची. दोघी दिवसभर नुसत्या एकमेकींकडे बघून हसायच्या. मग म्हणाली, मला तिकडं पण पाहुणीसारखं वाटलं, ताई. भाऊ बोलला, आता तू तिकडची.

बाजार उठला. ती आम्हाला स्टँडवर सोडायला आली. एसटीला उशीर होता. तिनं सहज विचारलं, “तुमचे मालक कधी येणार?”

अम्मी बाजूलाच होत्या. मी म्हटलं, “येणार नाहीत.”

हे मी कुणासमोरच बोलले नव्हते. रडू येईल वाटलं होतं, आलं नाही. फक्त पाय दुखायला लागले, खूप चालल्यासारखे. मिनतीनं ‘का?’ असं विचारलं नाही. ती माझ्याजवळ सरकून उभी राहिली, खांद्याला खांदा लागेल इतकी, आणि गाडी येईपर्यंत तशीच राहिली.

गाडी आली तेव्हा म्हणाली, “पुढच्या बाजाराला या. फोन नका करू. या.”

खिडकीजवळ अम्मींना बसवलं. बाहेर ज्वारी काढून झालेली रानं, मोकळी, लांबपर्यंत. अम्मी तिकडेच बघत होत्या. कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापर्यंत आला.

“कुठं? किती जण?”

“नगर,” मी म्हटलं. “दोघी.”